जोखीम शोधणाऱ्या आकृत्यांची पार्श्वभूमी

प्रकल्प व्यवस्थापनात जोखीम ओळखण्यासाठी प्रवाहचित्र, कारण-परिणाम आकृती आणि प्रभाव-आकृती ही तीन साधने बहुधा एकत्रच शिकवली जातात. प्रत्यक्षात तिन्हींचा उगम वेगवेगळ्या क्षेत्रांत झाला आणि प्रकल्पातील जोखीम शोधणे हा त्यांपैकी एकाही आकृतीचा मूळ हेतू नव्हता.

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रवाहचित्राचा पूर्वज ठरलेला प्रक्रिया-तक्ता मांडला तो कामातील अनावश्यक टप्पे वगळण्यासाठी. १९४३ मध्ये कावासाकी पोलाद कारखान्यातील अभियंत्यांना उत्पादनावर परिणाम करणाऱ्या घटकांचे परस्परसंबंध समजावून देताना काओरू इशिकावा यांनी माशाच्या हाडांच्या सापळ्यासारखी दिसणारी कारण-परिणाम आकृती वापरली. गुणवत्ता नियंत्रणात तिचा उपयोग मुख्यतः दिसून आलेल्या दोषाचे कारण शोधण्यासाठी झाला. जोखमीसाठी ती वापरताना अद्याप न घडलेली घटना माशाच्या डोक्याच्या जागी, म्हणजे जेथे एरवी दिसलेला परिणाम लिहितात तेथे, लिहावी लागते, आणि हा बदल लक्षात न घेतल्यास मागील प्रकल्पातील तक्रारीच पुन्हा कागदावर उतरतात, असे माझे मत आहे.

न घडलेल्या अपघातासाठीच तयार झालेली आकृती म्हणजे दोषवृक्ष. अमेरिकेच्या मिनिटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण-नियंत्रण यंत्रणेचा अभ्यास करताना बेल प्रयोगशाळेतील एच. ए. वॉटसन यांनी १९६०च्या दशकाच्या प्रारंभी तो विकसित केला आणि पुढे बोइंगमधील अभियंत्यांनी त्याचा विस्तार केला. क्षेपणास्त्र अनवधानाने सुटणे ही घटना एकदाही घडू देणे परवडणारे नसल्यामुळे अनुभवातून शिकण्याची सोय तेथे नव्हती. म्हणून ती घटना शिखरावर ठेवून, कोणते बिघाड एकट्याने आणि कोणते एकत्र आल्यावरच तिला कारणीभूत ठरतील, हे ‘किंवा’ व ‘आणि’ या तार्किक जोडण्यांनी खालपर्यंत उलगडत नेले जाते. नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखालील १९७५ च्या अणुभट्टी सुरक्षा अभ्यासात दोषवृक्षाला घटनावृक्षाची, म्हणजे एका सुरुवातीच्या घटनेतून पुढे काय काय घडू शकते हे दाखवणाऱ्या आकृतीची, जोड मिळाली. मोठी नळी फुटण्यापेक्षा लहान गळती आणि मानवी चुका यांचा धोक्यातील वाटा अधिक आहे, असे त्या अभ्यासातून दिसले होते. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात उघडी राहिलेली झडप आणि नियंत्रण कक्षातील चुकीचा अंदाज यांतून अपघात घडला, तेव्हा तीव्र टीका झालेल्या या अभ्यासाकडे नव्याने पाहिले गेले.

प्रभाव-आकृती १९७०च्या दशकात रोनाल्ड हॉवर्ड, जेम्स मॅथेसन आदी निर्णय-विश्लेषकांच्या कामातून आली. अनिश्चित गोष्टी, निर्णय आणि त्यांचे मोल यांतील अवलंबित्व ती दाखवते.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या व्यावसायिक संस्थेच्या प्रकल्प व्यवस्थापनावरील मार्गदर्शिकेच्या २००० च्या आवृत्तीत ‘आकृती-तंत्रे’ या नावाखाली प्रवाहचित्र, कारण-परिणाम आकृती आणि प्रभाव-आकृती एकत्र आल्या. दोषवृक्ष त्या त्रयीत नव्हता, आणि ही उणीव मला मोठी वाटते, कारण अनेक किरकोळ बिघाड एकत्र येऊन होणारे नुकसान उरलेल्या तिन्हींत तितक्या स्पष्टपणे दिसत नाही. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत हा गट मोडला आणि प्रभाव-आकृती संख्यात्मक जोखीम-विश्लेषणात गेली, जे तिच्या मूळ कामाच्या अधिक जवळचे आहे.