तपासणीला गेलेल्या तुकड्याचं पुढे काय होतं?

विदर्भात खर्रा मिळत नाही असं गाव शोधून सापडणं कठीण. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा ऐवज वर्षानुवर्षं गालात धरला, की एक दिवस तोंड पुरतं उघडेनासं होतं, नाहीतर गालाच्या आत पांढरा चट्टा दिसू लागतो. मग तालुक्याच्या दवाखान्यातून नागपूर किंवा सेवाग्रामची चिठ्ठी मिळते आणि तिथले डॉक्टर म्हणतात, तपासणीसाठी तिथला तुकडा घ्यावा लागेल. घरच्यांच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न असतो, कॅन्सर तर निघणार नाही ना? काही दिवसांनी रिपोर्ट हातात येतो. चांगला असो की वाईट, त्या तुकड्याचा विचार तिथेच संपतो.

तुकडा मात्र दवाखान्यातच असतो. आधी तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, म्हणजे सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून तिथे वितळलेलं मेण भरतात. मेण घट्ट झालं की हाताच्या बोटांत मावेल असा एक चौकोनी ठोकळा तयार होतो. प्रयोगशाळेत त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, काचपट्टीवर पसरायचे आणि गुलाबी-निळ्या रंगांत रंगवायचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कापाची कल्पना यावी. निदान होतं ते या कापांवरून. उरलेला ब्लॉक कपाटात जातो आणि कित्येक वर्षं तिथेच राहतो. तो जपून ठेवणं आधी रुग्णाच्याच फायद्याचं असतं, कारण आजार उलटला किंवा दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं असलं तर पुन्हा तोच ब्लॉक काढावा लागतो. पण संशोधकांसाठीही ते कपाट मोलाचं आहे.

किती मोलाचं, ते मानमोडीच्या साथीवरून कळतं. १९१८ च्या त्या इन्फ्लुएन्झाने भारतात एक कोटीच्या वर माणसं नेली. सर्वांत जास्त फटका बसलेल्या प्रदेशांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. तो विषाणू नेमका कसा होता हे पुढची अनेक दशकं कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण त्या काळी विषाणू वेगळा काढण्याची सोयच नव्हती. १९९० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या रोगनिदान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जुनी कपाटं उघडली. १९१८ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांचे तुकडे तिथे मेणात जपून ठेवलेले होते. त्यांतून आणि अलास्कात गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहाच्या फुप्फुसातून विषाणूच्या जनुकांचे अवशेष मिळाले, आणि २००५ पर्यंत त्याची पूर्ण जनुकीय मांडणी वाचून झाली. त्या सैनिकांना कोणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? जनुकं वाचता येतील ही कल्पनाच तेव्हा नव्हती. मला स्वतःला यात अन्याय दिसत नाही. पण इथेच खरी अडचण आहे. आज घेतलेल्या तुकड्यातून तीस वर्षांनी काय वाचता येईल, हे आज संमती मागणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

न विचारता केलेल्या कामाचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण हेन्रिएटा लॅक्स यांचं. १९५१ मध्ये बाल्टिमोरमध्ये गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागला तो कित्येक वर्षांनी. विदर्भासाठी मात्र मला हवासुपाई लोकांची गोष्ट जास्त जवळची वाटते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणारी ही छोटी आदिवासी जमात. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून अॅरिझोनातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं आणि लोकांनी ते आनंदाने दिलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या, नात्यातल्या लग्नांच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो अशी जमातीची श्रद्धा, आणि त्यांच्याच रक्तावरून सांगितलं जाऊ लागलं की तुम्ही आशियातून आलात. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुनेही परत केले. मधुमेहासाठी रक्त द्यायला हवासुपाईंनी कधीच नकार दिला नव्हता, हे विसरता कामा नये.

सर्वसामान्य लोकांचा कौल काय, याचा आढावा २००६ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. वेगवेगळ्या पाहण्यांतल्या ३३ हजारांहून अधिक लोकांची मतं त्यात एकत्र केली होती. आपला नमुना पुढच्या संशोधनांत वापरायला एकदाच सरसकट परवानगी देऊन टाकायची तयारी बहुतेक पाहण्यांत ७९ ते ९५ टक्के लोकांनी दाखवली. म्हणजे लोक कंजूस नाहीत. पण परवानगी द्यायची तर आधी कोणी ती मागायला हवी, हेही त्यातच आलं.

आपल्याकडच्या खेड्यांना नमुने देणं नवं नाही. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री उशिरा वरच्या रक्तात येतात. म्हणून पथकं रात्रीच गावात शिरत. लोकांना झोपेतून उठवायचं, बोटाला सुई टोचायची, काचेवर थेंब घ्यायचा आणि पुढच्या दारी जायचं. वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांना हे चांगलं आठवतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या निदानावर अनेक वर्षं संशोधन झालं, त्यामागेही अशाच गावांचं रक्त आहे. बोट पुढे करणाऱ्यांनी काही विचारलं नाही असं नाही. आजही रक्ताची नळी पाहिली की तेच प्रश्न येतात. इतलं रगत कायले लागते? नेता कोठी? इकता त नाई न?

हे प्रश्न ऐकून शहरातली माणसं हसतात. मला ते संमतिपत्रातल्या अर्ध्या मजकुरापेक्षा नेमके वाटतात. नमुना किती घेणार, कुठे ठेवणार, त्यातून पैसा कोण कमावणार, हेच तर संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्याही संशोधकाला विचारतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं आणि तपासणीला पाच मिलिलिटर जातं, म्हणजे हजारातला एक भाग. ते शरीर लवकरच भरून काढतं. पण जिचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठवर आहे आणि जिला अंगणवाडीपासून दवाखान्यापर्यंत सगळेच ‘तुझ्या अंगात रक्त नाही’ म्हणतात, तिने नळीकडे संशयाने पाहिलं तर तिचं काय चुकलं? तिला तो हजाराचा हिशेब समजावून सांगायला हवा.

उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं इतकी सरळ नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुन्याची मालकी देणाऱ्याचीच राहते आणि तो सांभाळणारी संस्था फक्त राखणदार असते. शेतकऱ्याला हे समजावणं अवघड नाही. वावर मक्त्याने दिलं म्हणून सातबारा बदलत नाही. कोणी म्हणतो, या हंगामापुरतं घे आणि कपाशीच लाव. कोणी म्हणतो, काय लावायचं ते तू ठरव. संमतीतही असेच प्रकार असतात. फक्त या एका अभ्यासापुरती, ठरावीक प्रकारच्या अभ्यासांपुरती, किंवा समिती मंजूर करेल त्या कोणत्याही अभ्यासासाठी. संमती मागेही घेता येते. पण नमुन्यावरून नाव-गाव कायमचं पुसून टाकलेलं असेल तर तो कोणाचा हे शोधता येत नाही, मग परत तरी काय देणार? आणि तपासणीनंतर उरलेल्या अशा निनावी तुकड्यांसाठी नव्याने संमती न घेण्याची सूटही समिती देऊ शकते. कपाटातले बरेचसे जुने ब्लॉक याच वाटेने संशोधनात येतात.

ज्याला वाचता येत नाही त्याला संमतिपत्र वाचून दाखवायचं, संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर ठेवायचा आणि मग अंगठा घ्यायचा, असा नियम आहे. नियम चांगला आहे. प्रत्यक्षात ऑपरेशनच्या, भूल देण्याच्या आणि संशोधनाच्या कागदांवर एकाच दमात अंगठे उमटतात, आणि देणाऱ्याला वाटतं की नाही म्हटलं तर उपचार अडतील. माझ्या मते हे तीन कागद एकाच बैठकीत पुढे करूच नयेत. ‘घरच्या लोकायले इचारतो अन् सांगतो’ असं म्हणून घरी गेलेला माणूस दोन दिवसांनी परत आला, तर त्याची संमती खरी. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात तर निर्णय सर्वसहमतीने होतात. अशा ठिकाणी आधी ग्रामसभेला विचारणं रीतीला धरून आहे. पण ग्रामसभा हो म्हणाली म्हणून एखाद्या बाईचा नकार पुसला जात नाही, हेही परिषदेच्या तत्त्वांत स्पष्ट आहे.

विश्वास बसला तर लोक किती पुढे येतात, हेही गडचिरोलीनेच दाखवलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा होता. ज्या दुखण्यांबद्दल नवऱ्याशीही बोलायचं नाही, त्यांची तपासणी या बायांनी करून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी नमुने दिले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. खेड्यातल्या बाया असे नमुने देणारच नाहीत, हे गृहीतक तिथेच संपलं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात गुंता वाढतो, कारण तिथे एकाचं रक्त सगळ्या घराबद्दल बोलतं. मुलगी वाहक (रिपोर्टमध्ये एएस), म्हणजे स्वतःला आजार नसून दोष पुढे नेणारी निघाली, तर आईवडिलांपैकी निदान एकाकडे तो दोष असणारच. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं मूल होण्याची शक्यता २५ टक्के. हे कळणं गरजेचं आहे. पण वाहक मुलगी स्वतः धडधाकट असूनही तिचं स्थळ मोडू शकतं, म्हणून तपासणीचं कार्ड लपवलं जातं. हा निकाल कोणाला कळणार, हे रक्त घेण्याआधीच सांगितलं पाहिजे.

पैशाचा प्रश्नही सिकलसेलमध्येच उघडा पडतो. रुग्णाच्याच मूळपेशींतली जनुकं बदलणारा कॅसजेव्ही हा उपचार २०२३ मध्ये आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. रक्त देणाऱ्या वस्तीतल्या माणसाने ‘मले का भेटन?’ असं विचारलं, तर ‘विज्ञानाची प्रगती होईल’ हे त्याचं उत्तर होत नाही. निदान निकाल सांगायला परत येऊ, औषध सुरू करून देऊ, अभ्यासातून काय निघालं ते गावात येऊन मराठीत, लागलं तर गोंडीत सांगू, इतकं तरी कबूल करता येतं. खेड्यातली नाराजी बहुतेक वेळा याच ठिकाणी असते. नमुना नेणारी गाडी आली होती, परत कोणी आलं नाही.

आता बाळांच्या टाचेला टोचून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरही सिकलसेल तपासता येतो. असे वाळलेले थेंब वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने ते आईबापांना न विचारता संशोधनासाठी ठेवले होते. पालक कोर्टात गेले, २००९ मध्ये तडजोड झाली आणि ५० लाखांहून अधिक नमुने नष्ट करावे लागले. त्यांतून जे शिकता आलं असतं, तेही गेलं. आपल्या परिषदेच्या तत्त्वांप्रमाणे लहान मुलासाठी पालकांनी दिलेली संमती कायमची नसते. मूल सज्ञान झालं की त्याला पुन्हा विचारायचं असतं. आज गडचिरोलीतल्या एटापल्लीत जन्मलेलं बाळ अठरा वर्षांनी पुण्यात असेल की हैदराबादला, त्याला कोणी शोधायचं, आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून निघेल, याची तरतूद नमुना घेतानाच करावी लागेल.