'पैसे घेऊन बोलते ना तो!'

मार्च सरत आला की नागपुरात घरोघरी कूलर खिडकीला लागतात. आमच्या जुन्याची टाकी यंदा गंजून गळायला लागली, म्हणून बर्डीची बाजारपेठ गाठली. डोक्यात मोबाइलवर पाहिलेला एक व्हिडिओ होता. त्यातला हसरा तरुण सांगत होता की हा कूलर घेतल्यापासून घरात एसीची गरजच उरली नाही. कंपनीचं नाव काढताच दुकानदार म्हणाला, "अजी, पैसे घेऊन बोलते ना तो! मले इचारा."

विकायला तर हाही बसला होता. तरी त्या तरुणाचा राग आला, याचा नाही.

या रागाचं उत्तर मारियन फ्रीस्टॅड आणि पीटर राइट या अमेरिकी अभ्यासकांनी 1994 मध्ये मांडलेल्या एका प्रारूपात सापडतं. आपण लहानपणापासून विक्रेत्यांच्या युक्त्या ओळखायला शिकत असतो. समोरचा विकतो आहे हे कळलं की त्याच्या बोलण्यातून आपण मनातल्या मनात वजावट करतो, इतवारीच्या बाजारात भाव करताना करतो तशीच. छुपी जाहिरात ही वजावटच होऊ देत नाही, कारण विक्रेता शेजाऱ्याच्या आवाजात बोलतो. बिंग फुटलं की तेच कौतुक वेगळं ऐकू येतं. शब्द तेच, अर्थ उलटा.

बरं, संशय यायला डोकं मोकळं लागतं. मार्गारेट कॅम्पबेल आणि अमना किरमानी यांनी 2000 मध्ये दाखवलं की मन दुसऱ्या कामात गुंतलं असेल, तर विक्रेत्याच्या गोड बोलण्यामागचा हेतू ग्राहकाला कमी जाणवतो. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाची गोष्टच सोडा.

मला जास्त गंभीर वाटतो तो पीटर डार्क आणि रॉबिन रिची यांचा 2007 चा अभ्यास. एका जाहिरातीने फसवलं की ग्राहक पुढे दुसऱ्याच कंपन्यांच्या जाहिरातींवरही अविश्वास दाखवतो. म्हणजे चोर एक आणि शिक्षा गावाला. खरोखर वापरून चांगलं म्हणणाऱ्या बाईलाही मग लोक विचारतात, "किती मिळाले?"

आपल्याकडे कायदा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख आणि पुन्हा केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2023 मध्ये केंद्राने 13 'डार्क पॅटर्न'ना, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन फसवणाऱ्या युक्त्यांना, मनाई केली, त्यात बातमी किंवा अनुभवाचं सोंग घेतलेली जाहिरातही आहे. पण कोपऱ्यातलं 'पेड' हे बारीक अक्षर उन्हात मोबाइलवर वाचून दाखवा!

पुन्हा दुकानात. कूलरमध्ये ओल्या पॅडमधून हवा जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि हवा गार होते. हवा कोरडी असेल तोवरच हा खेळ चालतो. व्हिडिओत याचा उल्लेखच नव्हता. दुकानदार मात्र आपणहून म्हणाला, "मे महिन्यात मस्त चालते. पावसायात काई कामाचा नाई, नुसती चिपचिप."

आपल्याच मालाचं उणं सांगणाऱ्यावर माणूस लगेच विश्वास ठेवतो. हीसुद्धा विक्रीची जुनी युक्ती आहे, हे मला माहीत होतं. तरी कूलर मी तिथूनच घेतला. स्टँडचे पैसे त्याने वेगळे लावले.