फू (चिनी अक्षर)

फू : सरकारी कचेरी, उच्चपदस्थाचा वाडा आणि एक प्रशासकीय विभाग या अर्थांनी रूढ असलेले चिनी अक्षर. वरून व डावीकडून वेढणारी इमारतीची खूण आणि तिच्या पोटात 'सुपूर्द करणे' या अर्थाचे, जवळजवळ त्याच उच्चाराचे अक्षर, अशी त्याची घडण आहे. आतले अक्षर माणूस व हात या खुणांचे असल्याने 'छपराखाली वस्तू हाती देणे' असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण शू शन या हान राजवटीच्या काळातील कोशकाराने ते केवळ उच्चारदर्शक मानले आहे.

मूळ अर्थाविषयी मतभेद आहे. इ. स. 100 च्या सुमारास सिद्ध झालेल्या आपल्या 'श्वोवन च्ये-त्झ' या कोशात शू शन 'दस्तऐवज ठेवण्याची जागा' असा अर्थ देतो. हे दस्तऐवज म्हणजे मुख्यतः बांबूच्या किंवा लाकडाच्या लिहिलेल्या पट्ट्या. दुसऱ्या शतकातील भाष्यकार चंग श्वान मात्र एका ठिकाणी 'धनसंपत्तीचा साठा' आणि दुसरीकडे 'अधिकाऱ्यांचे वास्तव्यस्थान' असे अर्थ लावतो. कोरीव लेखांचा कौल खजिन्याकडे अधिक झुकतो. आन्ह्वे प्रांतातील शोउश्येन येथे 1957 मध्ये छू या प्राचीन चिनी राज्याचे, मालाच्या जकातीसंबंधीचे कांस्य परवाने सापडले. बांबूच्या चिरफळ्यांच्या आकाराच्या या परवान्यांवर सोन्याने अक्षरे जडवलेली असून त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. 323 मानतात. नौकेच्या परवान्यात म्हटले आहे, की घोडे, गुरे, मेंढ्या नेल्यास जकात नाक्यावर न घेता 'थोरल्या फू'मध्ये घ्यावी. येथे या अक्षराखाली कवडीची खूण आहे, आणि चिनी लिपीत कवडी म्हणजे धन. शू शनचा अर्थ त्यामुळे चुकीचा ठरत नाही. कोठारात नाणी आणि हिशेब शेजारीशेजारीच असणार. तरी धनाचा अर्थ आधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

साठ्यावरून कचेरी हा प्रवास मराठी वाचकाला परका वाटू नये. 'दफ्तर' हा शब्दही कागदपत्रांवरून कचेरीपर्यंत आला आहे. हान काळात प्रधान व सेनापती यांच्या कचेऱ्यांना फू म्हणत. पुढे राजपुत्रांच्या वाड्यांना 'वांगफू' हे नाव पडले; बीजिंगमधील कुंग राजपुत्राचा छिंगकालीन वाडा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. 713 मध्ये थांग राजवटीने राजधानीच्या प्रदेशाला 'फू' हा दर्जा दिला. मिंग व छिंग काळात फू हा प्रांत आणि तालुकावजा 'श्येन' यांच्यामधला नेहमीचा विभाग होता.

जपानीत ओसाका व क्योतो यांच्या नावांमागे हे अक्षर आजही लागते. शोगुन या जपानच्या लष्करी शासकांच्या 'बाकुफू' या राजवटीच्या नावातही तेच आहे. आधुनिक चिनीत 'चंगफू' म्हणजे सरकार, तर 'फूशांग' हा समोरच्याच्या घराचा आदरार्थी उल्लेख. चिनी वैद्यकात जठर, मूत्राशय इ. पोकळ अवयवांनाही पूर्वी याच अक्षराने दाखवत. मांसाची खूण त्याला मागाहून जोडली गेली.