सुरुंगांच्या वाटेवरचं परमवीर चक्र

राम राघोबा राणे यांच्या परमवीर चक्रावर पराक्रमाची तारीख लागते ८ एप्रिल १९४८. त्या दिवशी मात्र हे पदकच अस्तित्वात नव्हतं. ते सुरू झालं २६ जानेवारी १९५० रोजी, आणि लागू धरलं गेलं १५ ऑगस्ट १९४७ पासून. जम्मू-काश्मीरची पहिली लढाई या सन्मानात बसली ती त्यामुळे. त्या लढाईतल्या पाच परमवीरांपैकी तिघांना पदक मरणोत्तर मिळालं. राणे आणि करम सिंग मात्र ते स्वतः स्वीकारायला हयात होते.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे शाळा बदलत बदलतच शिक्षण झालं. १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलात भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून फौज मागे हटत असताना दारूगोळा आणि सामान उडवून देण्यासाठी मागे ठेवलेल्या छोट्या तुकडीत ते होते. काम फत्ते झालं, पण न्यायला येणारं जहाज आलंच नाही. जपानी गस्त असलेली नदी ओलांडून ही माणसं आपल्या फौजेत परतली. राणे हवालदार झाले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. कमिशन मिळून चार महिनेही झाले नव्हते, तोच जम्मूतली नौशेरा-राजौरीची वाट पुढ्यात आली.

मार्च १९४८ मध्ये झांगर हे ठाणं शत्रूकडून परत घेतल्यावर पुढचं लक्ष्य होतं राजौरी. ८ एप्रिलला ४ डोगरा पलटणीने नौशेऱ्याच्या उत्तरेचा बरवाली डोंगर घेतला. त्यापुढे रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, आणि रणगाडे अडलेले. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी घेऊन राणे कामाला लागले तोच तोफगोळे कोसळले. दोन सॅपर, म्हणजे अभियंता दलाचे जवान, जागीच गेले, राणे यांच्यासह पाच जखमी झाले. तरीही त्यांनी हात आवरला नाही. रणगाड्याच्या खाली राहून, सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला खुणा करत त्यांनी सुरुंगांतून वाट काढली, असं सैन्यात आजही सांगतात. चीडाच्या झाडांचे अडथळे स्फोटकांनी उडवले. ११ एप्रिलला सलग १७ तास काम करून राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत आणि त्यापुढचा रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी फौज राजौरीत पोचली.

मला या पदकाचं मोल इथेच वाटतं. बंदुकीच्या माऱ्यात, पण हातात बंदूक न घेता, ओणवं होऊन सुरुंग काढणाऱ्या माणसाला देशाने सर्वोच्च मान दिला. सॅपरचं काम बहुतेक वेळा कुणाला दिसत नाही, कारण ते नीट झालं की मागून येणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो.

पदक तसं साधंच आहे. गोल, कांस्याचं, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचं, जांभळ्या फितीला लटकवलेलं. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. ही रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने युरोपीय, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. वज्रासाठी आपली हाडं देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यांना इथेच भिडली. पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या मोठ्या मुलीचे दीर.

राणे पुढे मेजर झाले. युद्धवृत्तात, म्हणजे लढाईच्या अधिकृत अहवालात, पाच वेळा त्यांचा गौरवाने उल्लेख झाला. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले, पण सैन्याने पुन्हा बोलावलं आणि १९७१ पर्यंत ते कामावर होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ पासून अंदमानातलं एक बेट त्यांचं नाव सांगतं.