मॉक : मोठ्या माणसांनी स्वतः रचलेली ठोकळ्यांची मॉडेलं

मॉक म्हणजे माय ओन क्रिएशन, आद्याक्षरांवरून मॉक. लेगोच्या किंवा तशाच ठोकळ्यांपासून, सूचनांची पुस्तिका न बघता, स्वतःच्या डोक्याने रचलेलं मॉडेल. खोक्यावरचं चित्र बघून पाच हजार पीसचा सेट जोडला तरी तो मॉक नाही, आणि उरलेल्या चाळीस पिसांतून डब्बा आयस्पाइसचा डबा केला तर तो मॉक. सेटमध्ये थोडी फेरफार केली तर त्याला मॉड म्हणतात, ती वेगळी गोष्ट. हे उद्योग करणाऱ्या मोठ्यांना एफॉल म्हणतात, म्हणजे अडल्ट फॅन ऑफ लेगो, आणि लहानपणी खेळ सुटल्यापासून मोठेपणी पुन्हा लागेपर्यंतच्या वर्षांना डार्क एज. आपल्याकडे बऱ्याच जणांचं उलटंच असतं, लहानपणी ओरिजिनल परवडलंच नव्हतं, पहिला सेट आला तो पहिल्या पगारातून, त्यामुळे डार्क एज वगैरे काही नाही, थेट उजेडच.

लेगो कंपनी डेन्मार्कच्या बिलुंडची, १९३२ मध्ये ओले किर्क क्रिस्टियानसेन ह्या सुताराने लाकडी खेळण्यांपासून सुरू केलेली. आजच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं, वर स्टड म्हणजे गोल उंचवटे आणि आत नळ्या, त्यामुळे पकड बसते. १९६३ पासून ठोकळे एबीएस प्लास्टिकचे. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, आणि मॉकचं सगळं जग ह्या एका गोष्टीवर उभं आहे, कारण कुठल्याही वर्षीचा कुठलाही पीस हाताशी घेता येतो. दोन बाय चारचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात ह्याचा आकडा कंपनी बरीच वर्षं १०,२९,८१,५०० सांगायची, पण तो फक्त सहा मजली मनोऱ्यांचा होता, नंतर सोरेन आयलर्स ह्या डॅनिश गणितज्ञाने सगळे प्रकार मोजून ९१,५१,०३,७६५ असा आकडा काढला.

मॉक करणाऱ्याला मापं तोंडपाठ असावी लागतात. दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. आणि मुख्य म्हणजे पाच प्लेटची उंची १६ मिमी, दोन स्टडची रुंदीही १६ मिमी. ह्या योगायोगावर, खरं तर योगायोग नाहीच तो, स्नॉट नावाचं तंत्र चालतं, स्टड्स नॉट ऑन टॉप, म्हणजे पीस आडवे, उलटे, कडेला बसवायचे (इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड, पहिल्यांदा ऐकणारा हसतोच). शिवाय दोन स्टडमधली फटही ३.२ मिमीच असते, तिथे प्लेट उभी घुसवता येते, पण पीसवर ताण येतो म्हणून कंपनीचे डिझायनर ते करत नाहीत आणि हौशी लोक त्याला इल्लीगल म्हणत म्हणत बिनदिक्कत करतात.

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज ह्या घरांच्या वसाहतीवरून सांगतो, कारण नवी मुंबईत मॉक करायला ह्याहून चांगली जागा मला तरी दिसलेली नाही. लोक टॉवर करतात, वाशी स्टेशन करतात, पण टॉवर म्हणजे तोच मजला वीस वेळा. आर्टिस्ट व्हिलेज वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात केलं. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर, असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि मधे साधारण १२ बाय १२ ची मोकळी जागा. घरांची भिंत शेजाऱ्याला लागून नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं वाढवता यावं. एक स्टड म्हणजे एक मीटर धरलं की स्केल १:१२५ होतं, अंगण बरोबर ८ बाय ८ स्टडचं, ६.४ सेमी, तळहातात मावतं. इथपर्यंत सगळं गोड.

मग मजला येतो. तीन मीटरचा मजला ह्या स्केलला २४ मिमी, म्हणजे साडेसात प्लेट, आणि अर्धी प्लेट बाजारात मिळत नाही. सात घेतल्या तर मजला २.८ मीटरचा, आठ घेतल्या तर ३.२ चा. कागदावर दोन्हीकडे चूक सारखीच, पण ती घरं मुळात बैठी, जमिनीला धरून असलेली, आठ प्लेटला ती ताठ मानेने उभी राहिल्यासारखी दिसतात, म्हणून सात. दरवाजा दोन मीटरचा, म्हणजे १६ मिमी, म्हणजे पाच प्लेट, म्हणजे एक बाय दोनची टाइल, वर स्टड नसलेला सपाट पीस, कडेवर उभी लावली की नेमकी बसते, वर खाली केसभर फट नाही. हे पहिल्यांदा बसलं तेव्हा रात्री दीड वाजता मी बायकोला उठवून दाखवलं होतं, तिने एक डोळा उघडून “छान आहे” म्हटलं आणि कूस बदलली. उतरत्या कौलांना पंचेचाळीस अंशाचे स्लोप, रंग तपकिरी, आणि इथे जपावं लागतं कारण जुन्या लॉटचे तांबूस तपकिरी पीस दाबले की चिरतात, हौशी मंडळींत ब्रिटल ब्राउन म्हणून ते बदनाम आहेत. आज तिथे गेलात तर बऱ्याच घरांवर मजले चढलेत, त्यामुळे मूळचं दाखवायचं की आजचं हे आधी ठरवावं लागतं. मी सात घरांत चार जुनी आणि तीन वाढवलेली केली, वाढवण्यासाठीच तर ती बांधली होती.

ठाणेकरांचा आवडता विषय अर्थातच रेल्वे, १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी बोरीबंदरहून इथेच आली. लोकलचा डबा सुमारे १२ फूट रुंद. आठ स्टड रुंदीचा केला तर स्केल साधारण १:५७ पडतं, लांबी ४५ स्टडच्या आसपास जाते, आणि एवढा लांब डबा कंपनीच्या घट्ट वळणाच्या रुळांवर भिंतीला घासतो, म्हणून बहुतेक जण लांबी कापतात. त्यातून ह्या रुळांमधलं अंतर ३७.५ मिमी, म्हणजे ह्या स्केलला आपल्या ब्रॉडगेजपेक्षाही रुंद. बारा डब्यांची गाडी टू बीएचकेत मावत नाही हे वेगळं सांगायला नको.

पीस कुठून आणायचे हे खरं दुखणं. सुटे पीस रंगानुसार, नगावर विकणाऱ्यांचा मोठा ऑनलाइन बाजार म्हणजे ब्रिकलिंक, २००० साली सुरू झालेला, २०१९ मध्ये लेगोने तो विकत घेतला. पण बाहेरून मागवलं की कस्टम ड्यूटी, खेळण्यांवरची ती २०२० च्या बजेटात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे चाळीस कौलांसाठी पार्सल मागवणं जिवावर येतं. म्हणून इथला मॉकवाला आधी मॉडेल ठरवून पीस शोधत नाही, असलेले पीस बघून मॉडेल ठरवतो, किंवा स्टुडिओ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आधी सगळं कंप्यूटरवर रचून मोजकंच मागवतो. ह्या सॉफ्टवेअरांचा मूळपुरुष एलड्रॉ, जेम्स जेसिमन ह्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मध्ये केलेला. मॉक कंपनीलाच सुचवायचीही सोय आहे, लेगो आयडियाज, तिथे १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते आणि सेट निघालाच तर निर्मात्याला निव्वळ विक्रीच्या १ टक्का मिळतो.

वर्गवारीत वेळ सर्वात जास्त जातो, रचण्यापेक्षाही. नवशिके रंगाने लावतात, आणि मग काळ्या ढिगात काळा पीस शोधत बसतात, आकाराने लावावं. जांभळी नाक्यावरचे खणांचे प्लास्टिकचे डबे चालतात, अगदी बारक्या पिसांना मिसळणाचा डबा उत्तम, फक्त घरातला उचलू नये, “माझी मोहरी कशात घालू मग?” असं आईने विचारलं की उत्तर नसतं.

मॉडेल हलवायचं तर तुकड्यांत, ३२ बाय ३२ च्या, म्हणजे साधारण २५.६ सेमीच्या चौकोनी पायावर रचावं, प्रत्येक पाया वेगळ्या खोक्यात. मी एकदा अख्खं मॉडेल मांडीवर घेऊन घोडबंदर रोडने रिक्षात बसलो होतो, कापूरबावडी येईस्तोवर परत सुटे पीस. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं तर पांढरे ठोकळे उन्हाने पिवळे पडतात. धूळ मऊ ब्रशने काढावी, धुवायचंच तर पाणी ४० अंशाच्या आत, आणि पावसाळ्यात पसरून पंख्याखाली वाळवावं, नाहीतर नळ्यांमधलं पाणी दोन दोन दिवस तसंच राहतं.