रॉटवायलरचं पिल्लू मैदानावर कधी आणायचं? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

संरक्षणाच्या खेळासाठी तयार करायच्या रॉटवायलरच्या पिल्लासमोर, चावून धरायला म्हणून, पहिल्यांदा गोणपाट कधी नाचवायचं, यावर तीन ट्रेनरांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो आठव्या आठवड्यापासून, दुसरा म्हणतो दात बदलून होऊ द्या. तिसरा, आणि आपल्याकडे हाच जास्त भेटतो, म्हणतो सहा महिन्यांचं झालं की 'अटॅक'ला घेऊन या. तिघंही 'ड्राइव्ह' (कुत्र्याची आतली ओढ) हा एकच शब्द वापरतात आणि तिघांच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळा असतो.

रोमन फौजांबरोबर आल्प्स ओलांडून आलेल्या कुत्र्यांची गोष्ट जातीच्या प्रत्येक माहितीपत्रकात असते, ती इथे सोडून देऊ. कामाचा भाग एवढाच की नेकार नदीकाठच्या रॉटवाइल गावातले खाटीक आणि गुरांचे व्यापारी हा कुत्रा गुरं हाकायला आणि मालाची छोटी गाडी ओढायला वापरत. रेल्वे आली, रस्त्याने गुरं नेणं बंद झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जात जवळजवळ संपली. १९१०च्या सुमारास पोलीस कामासाठी मान्यता मिळाली म्हणून ती तगली. आपसांत भांडणारे वेगवेगळे क्लब १९२१मध्ये एकत्र आले आणि तेव्हापासून जर्मनीत तिची सूत्रं एकाच संस्थेकडे आहेत.

हा वारसा मैदानावर आजही दिसतो. मेंढपाळाचा कुत्रा दिवसभर कळपाच्या कडेने पळत राहतो, हलत्या गोष्टीवर त्याची नजर सतत असते. गुरं हाकणारा कुत्रा अडलेल्या बैलाला खांद्याने रेटतो, एकदा धक्का देतो आणि थांबून परिणाम पाहतो. रॉटवायलरचं हे थांबणं अनेकांना मठ्ठपणा वाटतं.

आता खेळ. पोलिसांच्या कामासाठी कुत्र्यांचा पद्धतशीर वापर १८९९मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात सुरू झाला. त्याच वर्षी जर्मन शेफर्डचा क्लब स्थापन झाला आणि पुढे १९०१च्या आसपास जर्मनीत कामाच्या चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या. शुट्झहुंड ही परीक्षा त्यातून घडली. तिचा मूळ हेतू कोणत्या शेफर्डपासून पुढची पिल्लं घ्यायची हे ठरवणं हा होता. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन विभाग, प्रत्येकी १०० गुण. म्हणजे रॉटवायलर ज्या परीक्षेला बसतो तिचा साचा दुसऱ्या जातीच्या अंगावर बेतलेला आहे, आणि सरावाचं वेळापत्रकही बहुतेक ठिकाणी त्याच जातीचं चालतं. आमच्या मते वयाच्या वादाचं मूळ इथेच आहे.

परीक्षेची नावं मात्र बदलत गेली. 'शुट्झ' म्हणजे संरक्षण, पण बाहेरच्यांच्या कानाला ते चावऱ्या कुत्र्याचं नाव वाटू लागलं. २०००च्या दशकात जर्मनीत अधिकृत कागदांवर व्हीपीजी आलं, २०१२पासून सगळीकडे आयपीओ, आणि १ जानेवारी २०१९पासून आयजीपी. शेवटच्या नावात 'कामाचा कुत्रा' उरला, 'संरक्षण' गेलं. कुत्र्याला मैदानात करावं लागतं ते फारसं बदललं नाही: १० मीटरच्या दोरीवर माग, फेकलेलं लाकडी डंबेल आणणं, लपलेला हेल्पर (हल्लेखोराची भूमिका करणारा माणूस) शोधून त्याच्यासमोर भुंकत उभं राहणं, स्लीव्ह (त्याच्या हातावरची जाड बाही) धरणं आणि सांगितल्यावर सोडणं. आयजीपीच्या नियमांत प्राथमिक आज्ञापालन परीक्षेला किमान वय १५ महिने, पहिल्या पातळीला १८, दुसरीला १९, तिसरीला २० ठरलं. हे आकडे परीक्षेला बसण्याचे आहेत, तयारी कधी सुरू करायची यावर नियम गप्प आहेत. वादाला मोकळं रान मिळालं ते त्यामुळे.

'ड्राइव्ह' हा जर्मन 'ट्रीब'चा इंग्रजी अवतार. 'ट्रायबेन' या क्रियापदापासून तो आला आणि त्याचा अर्थ हाकणं. गुरं हाकणाऱ्या कुत्र्याला जर्मनमध्ये 'ट्राइबहुंड' म्हणतात. रॉटवायलर एके काळी दुसऱ्यांना हाकायचा, ड्राइव्हच्या सिद्धांताने त्याच्याच आत एक हाकणारा बसवला. विसाव्या शतकाच्या मध्यात प्राणिवर्तनशास्त्रात अशी मांडणी होती की प्राण्याच्या आत विशिष्ट वर्तनासाठीची ऊर्जा टाकीत पाणी साचावं तशी साचत जाते आणि योग्य चेतक दिसला की बाहेर पडते. शास्त्राने ही टाकी केव्हाच मोडीत काढली. मैदानावरून ती कुणी हलवली नाही, कारण हेल्परला बोलायला ती सोयीची आहे. मराठीत 'खुमखुमी' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस जर्मन प्रशिक्षकांनी या कल्पनेची नीट मांडणी केली. शिकारीची खुमखुमी म्हणजे हलणाऱ्या, पळणाऱ्या वस्तूमागे धावून ती पकडणं. बचावाची खुमखुमी म्हणजे समोरून धोका आला की दात दाखवणं. तिसरी गोष्ट माघार, बचाव पेलला नाही की कुत्रा जे करतो ते. त्याआधीच्या पद्धतीत कुत्रा वर्षाचा झाल्यावर मैदानावर यायचा आणि हेल्पर त्याला धमकावून चावायला लावायचा. जो टिकला तो चांगला, जो पळाला तो घरी. नव्या मांडणीने पिल्लासाठी दार उघडलं. शिकारीचा खेळ लहानपणापासून खेळता येतो, त्यात पिल्लाला भीती नसते. बचाव मात्र मोठ्या कुत्र्याचं काम, तो वाढलेल्या आत्मविश्वासावरच बेतायचा.

इथवर ठीक. घोटाळा झाला तो पुढच्या पायरीला. शेफर्ड आणि मॅलिन्वा (बेल्जियन शेफर्डचा एक प्रकार) यांच्यामध्ये शिकारीची खुमखुमी इतकी भरपूर असते की सहा-आठ महिन्यांचं पिल्लू स्लीव्हला लटकतं. रॉटवायलरच्या त्याच वयाच्या पिल्लाने चिंधी दोनदा पकडली, तिसऱ्यांदा बसून पाहत राहिलं, की हेल्परचा धीर सुटतो. 'याला ड्राइव्ह नाही' म्हणून तो चिंधी टाकतो, पिल्लाच्या डोळ्यात डोळे घालून समोरासमोर उभा राहतो, काठी हवेत फिरवतो. पिल्लू भुंकतं, दात दाखवतं, मालक खूश होतो. वर्षभराने तेच कुत्रं स्लीव्ह पुढच्या दातांनी धरतं, सोडतं, पुन्हा धरतं आणि हेल्पर दाबायला आला की बाजूला पाहतं. त्याच्या लेखी हा खेळ उरलेला नसतो.

मोठ्या अंगाच्या जाती उशिरा पक्व होतात. रॉटवायलर नराची उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ५० किलो, मादी ५६ ते ६३ सेंटिमीटर आणि ४२ किलोच्या आसपास. हे शरीर दोन वर्षांपर्यंत भरत राहतं, डोकं त्याच्याही मागून येतं. म्हणून 'लवकर की उशिरा' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. खेळ लवकर, धमकी फार उशिरा, असं ज्यांनी केलं त्यांची कुत्री मैदानात टिकलेली दिसतात.

गुरगुरण्याबाबतही गैरसमज आहे. चावा धरताना कुत्रा गुरगुरला की तो बचावात गेला असं शेफर्डवाले सांगतात. रॉटवायलर लाडात आला, टग (ओढाताणीचं खेळणं) तोंडात असला, कानामागे खाजवलं, तरी घशातून घरघर काढतो. आवाजावर जाऊ नये, तोंड पाहावं. दाढेपर्यंत भरलेला, शांत, दाब न बदलणारा चावा असेल तर घरघरीकडे दुर्लक्ष करा. फक्त पुढचे दात रुतलेत, वजन मागच्या पायांवर आहे, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवावं.

या सगळ्यातून आज जी पद्धत रुळली आहे ती साधारण अशी. आठ ते सोळा आठवडे या काळात मऊ चामड्याची चिंधी किंवा गोणपाटाचा हातभर तुकडा दोरीला बांधून जमिनीवरून नागमोडी ओढायचा, पिल्लापासून दूर, कधीही त्याच्या तोंडावर नाही. ससा कुत्र्याकडे धावत येत नसतो. तीन-चार पकडी, प्रत्येक वेळी पिल्लू जिंकतं, चिंधी तोंडात घेऊन मालकाबरोबर गोल फिरतं, संपलं. पाच मिनिटं पुष्कळ झाली. पाचवी पकड मागितली की रॉटवायलर बसतो, आणि बसलं की संपतं हे तो एकाच दिवसात शिकतो. त्याची इच्छा शिल्लक असताना चिंधी खिशात गेली पाहिजे.

चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात. या काळात ओढाताण पूर्ण बंद. हललेल्या दातावर झटका बसला तर दुखतं, आणि पिल्लू दुखण्याचा संबंध दाताशी लावत नाही, चिंधीशी लावतं. पुढे जन्मभर तोंड अर्धं भरण्याची सवय बहुधा याच महिन्यांतली असते. दात आले की टग, मग पाचरीच्या आकाराची उशी, मग पिल्लांची मऊ स्लीव्ह. गळपट्ट्यावर नव्हे, हार्नेसवर बांधायचं, कारण दोरी ताणली की गळपट्टा श्वास आवळतो आणि कुत्रा पुढे झेपावायला कचरतो.

माग काढणं त्या मानाने बिनवादाचं, आणि दात बदलताना करायला उत्तम. मीटरभर चौरस जागा पायांनी तुडवायची, त्यात हरभऱ्याएवढे खाऊचे कण टाकायचे, उपाशी पिल्लू सोडायचं. चार-पाच दिवसांनी त्या चौकोनातून पाठीवर वारा घेऊन सरळ दहा पावलं, प्रत्येक पावलात एक कण. पिल्लू नाक वर करून पळू लागलं तर बहुतेक वेळा वारा समोरून आहे किंवा कण मोठा आहे. पावलं गाळू लागलं तर खाऊ घाईने कमी केला आहे. पहिल्या पातळीला मालकानेच टाकलेला ३०० पावलांचा, २० मिनिटं जुना माग असतो, तिसरीला परक्याचा ६०० पावलांचा, तासभर जुना. सगळं त्या दहा पावलांवर उभं राहतं.

जर्मन पुस्तकं यासाठी ओलसर हिरवं कुरण गृहीत धरतात. आपल्याकडे ज्वारीच्या कापणीनंतरची धसकटं नाकाला टोचतात, पावसाळ्यात काळी माती पंजाला लोंबते आणि मुंग्या तर दहा मिनिटांत खाऊ पळवतात. म्हणून सुरुवातीचा माग टाकल्या टाकल्या चालवावा, पहाटे दव असताना. संरक्षणाचं कामही मार्च ते जून ऊन चढायच्या आत. तोंड स्लीव्हने भरलेलं असताना कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, काळं अंग तापतं आणि तो श्वासासाठी चावा सैल करतो. याला कच्चा चावा म्हणून दाबत राहिलेल्या हेल्परांची संख्या कमी नाही.

उड्यांचा इतिहास वेगळ्या अंगाने जातो. आयपीओच्या काळात मीटरभर उंचीचा अडथळा आणि १८० सेंटिमीटर उंचीची तिरपी भिंत होती. चाळीस-पन्नास किलोच्या कुत्र्याने त्यावरून उतरणं म्हणजे पुढच्या पायांवर काय आदळतं हे सांगायला नको. या जातीत कोपराचे आणि कमरेचे सांधे बिघडण्याचं प्रमाण मोठं असल्यामुळे जर्मनीत प्रजननाच्या परवानगीआधी दोन्हींचे एक्स-रे लागतात, आणि त्याबरोबर स्वभावाची, संरक्षणासह चाचणीही. किमान वर्षभर, आणि एक्स-रे स्वच्छ येईपर्यंत, काठी जमिनीवर ठेवून ओलांडायला शिकवणं एवढंच करावं. तंत्र तेच राहतं, उंची नंतर वाढते.

साधनांवरचे निर्बंध अलीकडचे. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचा वापर जर्मनीतल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६मध्ये बेकायदा ठरवला, काटेरी गळपट्टा १ जानेवारी २०२२पासून बंद झाला. चावा सोडायला शिकवण्याची जुनी पद्धत या दोन साधनांवर बेतलेली होती. आता दुसऱ्या टगशी अदलाबदल करून 'आउस' (सोड) ही आज्ञा शिकवतात. रॉटवायलरला ते मानवतं. जबरदस्तीने सोडवलं की तो उलट आणखी घट्ट धरतो, हा अनुभव जुन्या प्रशिक्षकांनाही होता.

भारतात हा खेळ आला तो तुटक-तुटक, आणि 'अटॅक ट्रेनिंग' या नावाने. या शब्दाने जे नुकसान केलं ते मोजता येणार नाही. शुट्झहुंडमध्ये हेल्पर उभा राहिला तर कुत्र्याने चावायचं नसतं, फक्त भुंकायचं असतं. आपल्याकडे फाटकाशी बांधलेल्या रॉटवायलरला अनोळखी माणसाकडून डिवचून 'तयार' केलं जातं, सोडण्याची आज्ञा कुणी शिकवत नाही, आणि पुढे काही घडलं की दोष जातीच्या माथी. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पाठवलेल्या परिपत्रकात २३ जातींची आयात, प्रजनन आणि विक्री थांबवायला सांगितलं, त्यात रॉटवायलरही होता. आधीच पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी असंही त्यात होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. तरी त्या काही आठवड्यांत घाबरून अनेक मालकांनी नसबंदीची चौकशी सुरू केली होती.

पिल्लाला मैदानावर नेणाऱ्यांसाठी नसबंदीचा मुद्दा न्यायालयाबाहेरही शिल्लक आहे. रॉटवायलरवरच्या २००२मधल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण चारातल्या एकाला आयुष्यात हाडाचा कर्करोग झाल्याचं आढळलं. लवकर नसबंदी झाली की हाडांची टोकं मिटायला उशीर होतो, पाय लांब वाढतात आणि सांध्यांचे कोन बदलतात. त्यामुळे एक्स-रे, उड्या आणि नसबंदी हे तिन्ही निर्णय पशुवैद्याशी एकाच बैठकीत बोलावे लागतात, आणि ते पिल्लाच्या पहिल्या वाढदिवसाआधी.