१२८ गुणांचा संघ सलग चार सामने कसा हरला?

एप्रिल २०१९. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये टॅम्पा बे लाइटनिंगने ८२ पैकी ६२ साखळी सामने जिंकले होते. गुण १२८. साखळीनंतरच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांमध्ये, पहिल्याच फेरीत गाठ पडली ९८ गुणांच्या कोलंबस ब्लू जॅकेट्सशी. मोसमात हे संघ तीनदा भेटले होते आणि तिन्ही वेळा टॅम्पाच जिंकला होता, मिळून १७-३ गोलांनी. तरीही आधी चार सामने जिंकणाऱ्याची, जास्तीत जास्त सात सामन्यांची ही मालिका कोलंबसने ४-० अशी खिशात घातली.

मग मालिकेआधी दोन संघांची तुलना करण्यात अर्थच नाही का? आहे, फक्त कोणत्या आकड्यावर किती भार टाकायचा हे ठाऊक हवं.

गुणतक्त्यापासून सुरुवात केली तर त्यातली भेसळ आधी काढावी लागते. साखळीत बरोबरी झाली की पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन खेळतात, तरीही कोंडी फुटली नाही तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूची गोलरक्षकाशी थेट झुंज. आणि तिथे हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. प्लेऑफमध्ये यातलं काहीच नसतं. वीस-वीस मिनिटांची सत्रं पाच विरुद्ध पाच चालतात, गोल होईपर्यंत. म्हणून साठ मिनिटांत लागलेले निकाल वेगळे काढून तेच पाहावेत.

त्यानंतर फटके मोजायचे: जाळ्याकडे गेलेले, बाहेर गेलेले, वाटेत अडवलेले, सगळे. बफेलो संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावावरून या मोजमापाला कॉर्सी म्हणतात. एका सामन्यात एका संघाचे गोल जेमतेम तीन, पण फटक्यांचे प्रयत्न पन्नासच्या पुढे. नमुना मोठा असल्यामुळे संघाची खरी ताकद यात लवकर दिसते. एक चूक मात्र हमखास होते. आघाडीवरचा संघ मागे सरून बचाव करतो आणि पिछाडीवरचा फटक्यांचा मारा करतो, त्यामुळे हरणारा संघच वरचढ वाटू लागतो. यावर उपाय म्हणजे बरोबरी असतानाच्या वेळेतले फटके वेगळे मोजणं. जाळ्यासमोरून मारलेला फटका आणि लांब निळ्या रेषेवरून मारलेला फटका एकाच मापाने मोजू नयेत. अंतर, कोन आणि गोलरक्षकाकडून परत आलेला पक (खेळाची रबरी चकती) लक्षात घेऊन प्रत्येक फटक्याला गोलाची शक्यता लावणारं ‘अपेक्षित गोल’ हे मोजमाप त्यासाठीच आहे.

सगळ्यात अवघड प्रकरण गोलरक्षकाचं. त्या काळी थेट जाळ्यावर आलेल्या शंभर फटक्यांतले साधारण ९१ अडवणारा गोलरक्षक सरासरी मानला जाई. सात सामन्यांत रोज ३० म्हणजे २१० फटके धरले, तर नुसत्या योगायोगाने ही टक्केवारी दोनाने वर-खाली होते. म्हणजे तोच माणूस, तसाच खेळ, आणि आकडा ८९ ही येऊ शकतो, ९३ ही. रोजच्या ३० फटक्यांवर हा फरक सव्वा गोलाचा आहे. दोन चांगल्या संघांमधली खरी तफावत सहसा याहून कमी असते! म्हणून गोलरक्षक तोलताना गेल्या दहा सामन्यांचा ‘फॉर्म’ बाजूला ठेवून दोन-तीन मोसमांची सरासरी घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

२०१९ मध्ये नेमकं हेच घडलं. टॅम्पाचा आंद्रेई वासिलेव्स्की त्या वर्षीचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, पण मालिकेत त्याची टक्केवारी ८५.६ वर घसरली. समोर सर्गेई बोब्रोव्स्कीने ९३.२ टक्के फटके अडवले. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्धी खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळात, टॅम्पा मोसमभर लीगमध्ये अव्वल होता. मालिकेत मात्र कोलंबसने दहा संधींत पाच गोल केले. दहा संधी म्हणजे फारच तोकडा नमुना. त्यात निकिता कुचेरोव्ह निलंबनामुळे तिसऱ्या सामन्याला मुकला आणि व्हिक्टर हेडमन दुखापतीमुळे शेवटच्या दोन सामन्यांत नव्हता. मोसमाचे आकडे ज्या संघाचे होते, तो संघ बर्फावर पूर्ण उतरलाच नव्हता.

शेवटी सगळं एका संख्येत आणायचं: एक सामना जिंकण्याची शक्यता. ती ५५ टक्के असेल तर मालिका जिंकण्याची ६१, ६० असेल तर ७१, ६५ असेल तर ८०. आइस हॉकीत ६५ म्हणजे फार मोठं वर्चस्व, आणि तरीही असा संघ पाचातली एक मालिका गमावतो. सलग चार हरण्याची शक्यता उरते दीड टक्का. पहिले दोन, पाचवा आणि सातवा सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी होतो. यजमान प्रशिक्षकाला खेळ थांबल्यावर बर्फावरच्या खेळाडूंचा शेवटचा बदल करता येतो, म्हणून घरच्या सामन्यांची टक्केवारी किंचित वाढवून धरावी.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, पहिल्या फेरीत हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. पहिल्या सामन्यात कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने विक्रमी ८५ फटके अडवले. पाचव्या जादा सत्रात टॅम्पाच्या ब्रेडन पॉइंटने गोल केला. मालिका टॅम्पाने ४-१ ने जिंकली आणि पुढे स्टॅनले कप हा लीगचा करंडकही.